पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो; पण पाळण्यात नेमके काय दिसले होते, हे कोणी विचारीत नाही. मूल थोर झाले की पाळणा मागाहून आठवतो, न झाले तर पाळण्याचा विषयच निघत नाही. जपानमध्ये 27 फेब्रुवारी 1996 रोजी निन्टेन्डो कंपनीने 'पोकेमॉन' नावाचा जो खेळ विक्रीला आणला, त्यात मात्र ही म्हण अक्षरशः खरी करून ठेवलेली आहे. तेथे रानात भेटणारा प्रत्येक प्राणी आपल्यासमोर येतानाच काही आकडे कपाळी लिहून आणतो, आणि मरेपर्यंत ते बदलत नाहीत. (मरेपर्यंत म्हटले खरे, पण या खेळात कोणी मरत नाही. हरलेल्या प्राण्याला नुसती मूर्च्छा येते.)

या आकड्यांची पारख करणे हा अलीकडे त्या खेळातलाच एक स्वतंत्र खेळ होऊन बसला आहे. माझ्या वर्गात रंग वाळेपर्यंत जी दहा मिनिटे मोकळी मिळतात, त्यांत मुलांच्या तोंडी हाच विषय असतो. दहावीच्या पुढे मी शिकले नाही. चित्रकलेची पदविका घेतली, शाळेत लागले आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहीत आले. गणितातला माझा अधिकार बेरजेपुरता. परंतु गुण देणे हा माझा रोजचा उद्योग आहे आणि पात्रे जन्माला घालणे हा दुसरा, तेव्हा या विषयात दोन शब्द बोलण्यास हरकत नसावी. या दिवाळीत फराळाच्या ताटाशी बसूनही ज्यांचा पुतण्या मोबाइलमधून मान वर काढीत नसेल, त्यांनाही तो काय निरखीत असतो याची थोडी कल्पना येईल.

प्राण्याचे सामर्थ्य या खेळात सहा बाबतींत मोजतात: प्राणशक्ती, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. हे सामर्थ्य कोठून येते, यासाठी जपानी खेळाडूंनी तीन शब्द रूढ केले आहेत. शुझोकुची, म्हणजे प्राण्याच्या जातीचे मोल. कोताईची, म्हणजे त्या एका जिवाचे जन्मजात मोल. आणि दोर्योकुची, म्हणजे कष्टाचे मोल. जात, जन्म आणि कष्ट! हे तीन शब्द असे एका ओळीत आले की मराठी माणूस क्षणभर थबकतो. येथे जात म्हणजे वाघाची जात, चिमणीची जात, एवढाच अर्थ घ्यायचा आहे. तरीही सर्वांत मोठा वाटा तिचाच असतो, हे वाचून माझे मन थोडे कडवट झाले.

पण उरलेल्या दोन आकड्यांकडे पाहावे. 2002 सालच्या 'रूबी' आणि 'सफायर' या भागांपासून प्रत्येक बाबतीत जन्माचे गुण शून्य ते 31 असतात. प्राणी शंभराव्या पातळीला पोचला, म्हणजे त्याची वाढ पुरी झाली, की हे 31 गुण 31च राहतात. आणि त्याच बाबतीत त्याने इतरांशी झुंजून पुरते कष्ट केले असतील, तर त्या कष्टांचे मिळतात 63. म्हणजे जन्माच्या दुपटीहून अधिक! सगळ्या बाबतींत असे कष्ट करता येत नाहीत, जेमतेम दोन बाबतींत करता येतात. पण कोणत्या दोन, हे आपण ठरवायचे. शिवाय स्वभाव म्हणून एक भाग आहे. एकूण 25 स्वभाव. त्यांतले 20 असे, की एका बाबतीत शेकडा दहा वाढवतात आणि दुसऱ्या बाबतीत शेकडा दहा काढून घेतात. तापट माणूस हल्ला चांगला करील, पण बचावात कच्चा राहील, हे मानवी स्वभावाचे निरीक्षण या खेळाच्या कर्त्यांनी दशांशाच्या हिशेबात बसवले आहे, आणि ते मला फार आवडले.

कष्ट जन्माच्या दुप्पट, हे ऐकून कोणाही शिक्षकाचा ऊर भरून यावा. माझाही आला होता. परंतु खेळ त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेला, म्हणजे अटीतटीचे स्पर्धक समोरासमोर आले, की चित्र उलटते. गारचॉम्प आणि सॅलमेन्स ही दोन ड्रॅगनजातीची श्वापदे आहेत, आणि ड्रॅगनचा घाव ड्रॅगनला दुप्पट लागतो, म्हणून जो आधी घाव घालील त्याची सरशी. दोघांनीही वेगासाठी पुरते कष्ट केले आहेत, दोघांचा स्वभाव वेगाच्या बाबतीत सारखाच आहे आणि जन्मगुणही पुरे 31 आहेत असे धरले, तर गारचॉम्पचा वेग 303 येतो आणि सॅलमेन्सचा 299. चार गुणांनी गारचॉम्प पुढे. आता त्याच गारचॉम्पचे जन्मगुण 31 ऐवजी 26 असू द्या. वेग 298 झाला, सॅलमेन्स आधी उठला आणि सामना संपला. कष्टांचे 63 दोघांनीही मिळवलेले असल्यामुळे ते हिशेबातून निघून गेले. सर्वांनीच पूर्ण कष्ट केले की निवाडा करायला मागे उरतो तो जन्म! शिकवण्या, सराव परीक्षा आणि उन्हाळी वर्ग यांमागे धावणाऱ्या आपल्या शहरांत या हिशेबाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आता पारखीकडे वळू. 1996 सालच्या मूळ खेळात हे आकडे पूर्णपणे झाकलेले होते. तेव्हा ते शून्य ते 15 असत आणि त्यांना पाहण्याची कोणतीही सोय पडद्यावर नव्हती. एकाच जातीचे, एकाच पातळीचे दोन प्राणी शेजारी ठेवले तर एक जरासा चपळ, दुसरा जरासा दणकट एवढेच दिसे. का, ते कळत नसे. खेळाचे जनक सातोशी ताजिरी हे लहानपणी तोक्योच्या माचिदा उपनगरात किडे गोळा करीत हिंडत. ज्याने दोन भुंगे तळहातावर ठेवून पाहिले आहेत, त्याला एकासारखा दुसरा नसतो हे ठाऊक असते आणि त्या वेगळेपणावर कोणी आकडा चिकटवलेला नसतो, हेही. कादंबरी लिहिताना नायिकेचे बालपण मला तपशीलवार ठाऊक असावे लागते, पण ते सारे कागदावर उतरवले तर ती पानावरच मरते. मूळ खेळातले झाकलेले आकडे मला याच जातीचे वाटतात. त्यांनी प्राण्यांना व्यक्तित्व दिले आणि आपण मात्र पडद्याआड राहिले.

पुढे तो पडदा हळूहळू सरकत गेला. 2010 सालच्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' या भागांत भुयारी रेल्वेच्या स्थानकात एक पारखी उभा असे. त्याला प्राणी दाखवला की तो एकूण मत देई आणि कोणती बाजू सर्वांत सरस ते सांगे. सहाही बाबतींत मिळून पुरे गुण 186. पण तो हा आकडा उच्चारीत नसे. त्याच्याजवळ एकूण मतासाठी शब्दांच्या चारच पायऱ्या होत्या आणि सर्वांत खालची पायरी 'बरा आहे' अशा अर्थाची होती. शून्यापासून 90पर्यंत सारे बरेच! प्रगतिपुस्तकात 'समाधानकारक' हा शब्द लिहिताना माझी लेखणी ज्या कारणाने अडखळते, त्याच कारणाने या पारख्याविषयी मला बंधुभाव वाटला.

2016 साली रस्त्यावर हिंडून खेळण्याचा 'पोकेमॉन गो' आला. भारतात तो त्या वर्षीच्या 13 डिसेंबरला अधिकृतपणे सुरू झाला. यात बाबी तीनच, हल्ला, बचाव आणि दम. प्रत्येकी शून्य ते 15 गुण, एकूण 45. येथे पारखी तीन होते, खेळाडू ज्या संघात असेल त्याचा नेता हाच त्याचा परीक्षक. ब्लांश काटेकोर, कँडेला आवेशी, स्पार्क मोकळाढाकळा. अगदी कमी गुणांचा प्राणी दाखवला, तर ब्लांश सरळ सांगे की लढाईत याचे फारसे चालायचे नाही. स्पार्क म्हणे की सुधारायला वाव आहे. आणि कँडेला म्हणे की लढायला थोर नसेल, पण मला आवडतो. आकडे तेच, प्राणी तोच, परीक्षक तीन! आम्हा शिक्षकांच्या खोलीत हे तिघेही रोज चहा पितात.

2019 साली या तोंडी परीक्षेच्या जागी तीन आडव्या पट्ट्या आणि वर तारे आले. पट्टी भरली की लाल होते. 22 गुणांपर्यंत एकही तारा नाही, पुढे एक, दोन, तीन, आणि 45 पैकी 45 असतील तर रंगच वेगळा. सोय झाली यात शंका नाही. पण ज्या क्षणी तारे आले, त्या क्षणी कँडेलाचे ते 'पण मला आवडतो' निघून गेले, आणि टीकाकार म्हणून मला ही हानी मोठी वाटते. आपल्या भाषेत 'गुण' या एकाच शब्दात सद्गुणही येतो आणि परीक्षेतला आकडाही येतो. लग्न ठरवताना तर छत्तीस गुण जुळवून आपण दोन्ही अर्थांची खिचडी करतो. या खेळाचा वीस-पंचवीस वर्षांचा प्रवास मला पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे गेलेला दिसतो.

त्याचा परिणाम पाहायचा असेल तर मुलांचे बोट पडद्यावर कसे फिरते ते पाहावे. तारे कमी दिसले की तो प्राणी प्राध्यापक विलोकडे रवाना, बदल्यात त्या जातीची एक गोळी. मूळ मालिकेतल्या अटीतटीच्या खेळाडूंची तऱ्हा याहून कठोर. तेथे अंडी उबवतात आणि हव्या त्या गुणांचे पिल्लू निघेपर्यंत बाकीची पिल्ले शेकड्यांनी सोडून देतात. सहाही बाबतींत 31 घेऊन आपोआप जन्मणारे पिल्लू 107 कोटींत एक. म्हणून आईबापांचे गुण उतरवण्याच्या नाना युक्त्या आहेत. आणि हे सारे कशासाठी? 'गो'मधल्या ड्रॅगनाइटचे उदाहरण घेऊ. त्याच्या जातीचा हल्ला 263. जन्मगुण शून्य असले तर 263, पुरे असले तर 278. म्हणजे फरक शेकडा सहाच्याही आत. एवढ्यासाठी एकाला मिरवायचे आणि दुसऱ्याची गोळी करायची!

बरे, ताऱ्यांची पारख तरी अचूक असावी, तर तीही नाही. 'गो'मध्ये 1500 बळाच्या मर्यादेत खेळायची एक स्पर्धा आहे. हे बळ काढताना हल्ला पुरता मोजतात, पण बचाव आणि दम यांची वर्गमुळे घेतात. त्यामुळे हल्ल्यात श्रीमंत असलेला प्राणी मर्यादेला लवकर टेकतो, आणि हल्ल्यात शून्य पण बचाव व दमात पुरा असलेला प्राणी त्याच मर्यादेत अधिक वाढून अधिक काळ टिकतो. तारे मोजणाऱ्याला तो दोनच ताऱ्यांचा दिसतो! मूळ मालिकेत 'ट्रिक रूम' नावाचा डाव आहे. तो टाकला की पाच फेऱ्यांपुरता मंद प्राणी आधी खेळतो आणि चपळाला थांबावे लागते. हा डाव खेळणारे वेगात शून्य असलेले पिल्लू मुद्दाम शोधतात. त्या दिवशी शून्य हाच पुरा गुण.

जातीच्या बाबतीतही एक प्रसंग सांगण्यासारखा आहे, जन्मगुणांशी त्याचा संबंध नसला तरी. 2014 साली वॉशिंग्टन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क यांनी पाचिरिसू नावाची खार मैदानात आणली. गारचॉम्पच्या जातीच्या सहा आकड्यांची बेरीज 600, या खारीची 405. पण शत्रूचे घाव स्वतःवर ओढून घ्यायचे आणि विजेचा घाव आला तर तो पचवून उलट ताजेतवाने व्हायचे, हे काम तिला येत होते. तिच्या आडोशाने जोडीदार मोकळेपणी लढला आणि पार्क विजयी झाले. कोणता पारखी तिला निवडता?

खेळाच्या कर्त्यांना ही टोचणी लागलेली असावी, असे त्यांनी पुढे केलेल्या एका दुरुस्तीवरून वाटते. 2016 सालच्या 'सन' आणि 'मून' या भागांपासून, शंभराव्या पातळीला पोचलेल्या प्राण्याला बाटलीचे एक विशिष्ट बूच देऊन खास तालीम करवता येते आणि मग त्याचे उणे जन्मगुण 31 असल्याप्रमाणे धरले जातात. 'असल्याप्रमाणे', कारण आतला खरा आकडा तसाच राहतो आणि पिल्लात उतरतो तोही खराच. इंटरमीजिएट चित्रकलेच्या श्रेणीबद्दल दहावीला वाढीव गुण मिळतात, त्याची आठवण मला येथे झाली: बेरीज वाढते, गणिताचा पेपर मात्र होता तसाच असतो. तरीही ही दुरुस्ती मला मनापासून पटली, कारण तिच्यामुळे जुना सोबती टाकून द्यावा लागत नाही. आणि तिच्यातली शंभराव्या पातळीची अट तर मला फारच योग्य वाटली. आधी त्याच्याबरोबर सारी वाट चाला, मग त्याचे उणे भरून मिळेल. 2022 सालच्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' मध्ये ही अट पन्नासाव्या पातळीवर आणली आहे. ही घाई कशाला केली, ते समजत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आता पुण्यात नोकरीला आहे. गेल्या मे महिन्यात भेटायला आला, तेव्हा हा लेख डोक्यात असल्यामुळे मी त्याची यादी पाहायला मागितली. बळाच्या उतरत्या क्रमाने त्याने ती लावली. सर्वांत तळाशी एक पिजी होता. साधे कबुतराएवढे पाखरू, तिन्ही पट्ट्या जवळजवळ रिकाम्या, एकही तारा नाही. "हा का ठेवलास रे?" मी विचारले. त्याने बोटाने पान वर सरकवले. पट्ट्यांच्या खाली, जेथे सहसा कोणी पाहत नाही, तेथे प्राणी कोणत्या दिवशी आणि कोणत्या गावाजवळ सापडला ते लिहिलेले असते. डिसेंबर 2016, आणि आमच्या गावाचे नाव.

"बाई, आपल्या शाळेच्या मागच्या पिंपळाखाली सापडला होता," तो म्हणाला. "तो पिंपळ रस्तारुंदीत गेला ना."

आणि त्याने यादी पुन्हा बळावरून काढून तारखेवर लावली.