पिवळ्यावर पिवळं

एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल. टेबलावर वांगं, लिंबू, तांब्या, मागे निळं कापड. प्रत्येक वस्तूचा रंग वेगळा, म्हणून प्रत्येक वस्तू वेगळी कळायची. रंगवैविध्य म्हणजे जास्त रंग, हे समीकरण तिथेच डोक्यात बसतं. व्हिन्सेंट व्हॅन गॉगची तैलरंगातली 'सूर्यफुलं' ते मोडून काढतात.

1888च्या ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी त्याने ही चित्रं रंगवली. मित्र पॉल गोगँ राहायला येणार होता. त्यातली दोन शेजारी ठेवून पाहू. म्यूनिकमधल्या चित्रात फुलांमागची भिंत निळसर हिरवी आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रात फुलं पिवळी, फुलदाणी पिवळी, टेबल पिवळं आणि भिंतही पिवळी.

म्यूनिकचं चित्र देखणं आहे, पण मला ते सोपं वाटतं. निळसर रंगापुढे पिवळा ठेवला की फुलं आपोआप उठून दिसतात. लंडनच्या चित्रात ही सोय त्याने स्वतःहून सोडली. मग फूल भिंतीपासून वेगळं कशाने करायचं?

थोडं काम छटा करतात. भिंत फिकट आहे, टेबल गडद. फुलदाणीत तो हा क्रम उलटवतो: वरचा भाग गडद, खालचा फिकट. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये फक्त एक बारीक निळी रेघ.

उरलेलं सगळं काम पोताने केलंय. पाकळ्या जाड रंगाच्या लांब फटकाऱ्यांनी काढल्यात, पाकळी जिकडे वळते तिकडेच कुंचला वळतो. फुलांच्या मधल्या बियांच्या जागी रंगाचे ठिपके दाटीने थापलेत. भिंतीवरचे आखूड फटकारे टोपलीच्या विणीसारखे उभे-आडवे जातात. तैलरंग जाड लावला की कुंचल्याच्या खुणा तशाच वाळतात. त्यांच्या उंचवट्यांवर उजेड पडतो, खाचांत सावली राहते आणि एकाच ट्यूबमधल्या रंगाच्या दोन छटा दिसतात. इथे पोत स्वतःच रंगवैविध्य तयार करतो.

फोनवर नेमकं हेच हरवतं. पिक्सेलला रंग असतो, उंची नसते. फोटोत त्या सावल्या एकाच क्षणाच्या उजेडात गोठलेल्या असतात. कॅनव्हाससमोर तुम्ही बाजूला सरकलात की त्याही बदलतात. म्हणून 'सूर्यफुलं' मगवर आणि फोनच्या कव्हरवर इतकी गोड आणि सपाट दिसतात.

या जाड रंगाचा संबंध लोक लगेच त्याच्या मनःस्थितीशी जोडतात: वेडाच्या भरात थापलेला रंग. मला हे वाचन आळशी वाटतं. डिसेंबर 1888मध्ये कान कापून घेतल्याची घटना घडली. त्यानंतर काही आठवड्यांत, जानेवारी 1889मध्ये, त्याने लंडनच्या चित्राची नवी आवृत्ती केली. ती आज ॲम्स्टरडॅममध्ये आहे. मांडणी तीच, पिवळ्यावर पिवळ्याची अटही तीच. भरात केलेली गोष्ट इतक्या शिस्तीने पुन्हा करता येत नाही. 'वेडा कलाकार' म्हटलं की आपण त्याच्या हातातलं कसब बघायचं सोडून देतो आणि त्याच्या दुखण्याचीच गोष्ट चघळत बसतो.

यात आणखी एक गुंता आहे. त्याने वापरलेला क्रोम यलो म्हणजे मुख्यतः लेड क्रोमेट. उजेडामुळे त्यातल्या क्रोमियमची रासायनिक अवस्था बदलते आणि पिवळा तपकिरी होऊ लागतो. फिकट छटांना हा धोका जास्त. एप्रिल 1888मध्ये भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं होतं, की नव्या चित्रकारांचे आवडते रंग टिकाऊ नाहीत, म्हणून ते आताच धीटपणे वापरावेत, पुढे काळ त्यांना मवाळ करेलच. 2019मध्ये व्हॅन गॉग म्युझियमने ॲम्स्टरडॅमची 'सूर्यफुलं' यापुढे प्रदर्शनासाठी बाहेर न पाठवण्याचं ठरवलं. तिथला रंगाचा थर इतका नाजूक झालाय.

पिवळ्या छटांमधलं अंतर असं हळूहळू कमी होत जाईल. तेव्हा चित्र कशावर उभं राहील, हे आजच तपासता येतं. नॅशनल गॅलरीच्या साइटवरचं चित्र फोनवर उघडा, स्क्रीनशॉट घ्या आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. मग झूम करून पाहा, कुठे पाकळी संपते आणि कुठे भिंत सुरू होते. फटकारे कुठे वळतात ते बघितलंत की सापडेल.