चालीचा वारसा : अमेरिकन यादवी युद्धातील गीतपत्रके

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टन आदी अमेरिकन शहरांत रस्तोरस्ती विकली जाणारी गीतपत्रके वाङ्मयाच्या इतिहासकारांस नेहमीच अडचणीची वाटत आली आहेत. हलक्या कागदाचा, एकाच बाजूस छापलेला, वीतभर लांबीचा एक तुकडा; भोवती शिपाई, खलाशी, विदूषक यांच्या चित्रांची महिरप; आत चार-सहा कडव्यांचे गीत; तळाशी मुद्रकाचे नाव व पत्ता; आणि किंमत एखाद-दुसरा सेंट, एवढेच त्याचे बाह्य स्वरूप. न्यूयॉर्कच्या चॅथम स्ट्रीटवरील एच. डी मार्सन, त्याच शहरातील चार्ल्स मॅग्नस, फिलाडेल्फियाचे जे. एच. जॉन्सन ही या धंद्यातील ठळक नावे होत. एकच महिरप अनेक गीतांस वापरली जाई. त्यामुळे चित्राचा आणि गीताचा मेळ बसेलच असे नसे. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात या धंद्यास विलक्षण भरती आली. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अशी ४,०००हून अधिक पत्रके जतन केलेली आहेत, आणि फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनीतील संग्रहाची एडविन वुल्फ यांनी केलेली सूची १९६३ साली प्रसिद्ध झाल्यापासून अभ्यासकास सामग्रीच्या अभावाची सबब उरलेली नाही.

तरीही या गीतांच्या वाङ्मयीन मूल्याचा विचार फारसा झाला नाही, याचे कारण ती दोन घरची पाहुणी ठरली हे होय. लोकगीतांच्या संशोधकास ती अस्सल वाटत नाहीत, कारण ती छापलेली व विकाऊ आहेत. काव्याच्या इतिहासकारास ती काव्य वाटत नाहीत, कारण त्यांची शब्दकळा झिजलेली आहे. याच युद्धातून व्हिटमनचा ‘ड्रम-टॅप्स’ (१८६५) आणि मेल्व्हिलचा ‘बॅटल-पीसेस’ (१८६६) हे संग्रह निर्माण झाले, आणि त्यांच्या शेजारी ठेवताच ही पत्रके निस्तेज दिसतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांचे उदाहरण या बाबतीत मोठे बोलके आहे. इंग्लंड व स्कॉटलंडमधील ३०५ पारंपरिक बॅलडे संपादून १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध करणारे हे थोर पंडित छापील पत्रकांतील बॅलडांना उकिरड्याची उपमा देत. परंतु हेच चाइल्ड १८६२ साली उत्तरेच्या सैनिकांसाठी ‘वॉर-साँग्स फॉर फ्रीमेन’ नावाची गीतपुस्तिका संपादत होते. युद्धाच्या निकडीत विद्वानाने जे हाती घेतले, ते पुढे शास्त्राच्या उंबरठ्याबाहेरच राहिले.

या उपेक्षेच्या मुळाशी वाचनपद्धतीचा एक दोष आहे. गीतपत्रकावर स्वरलेखन नसे. स्वरलिपीसह निघणाऱ्या, पियानोवर ठेवावयाच्या प्रती वेगळ्या. त्या पंचवीस सेंट व त्याहून अधिक किमतीला विकल्या जात आणि दिवाणखाना बाळगणाऱ्या वर्गासाठी असत. पत्रकावर स्वरांच्या जागी शीर्षकाखाली अमुक गाण्याची चाल, एवढी एक ओळ असे. मराठी संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर जशी ‘चाल’ दिलेली असते, तशीच ही ओळ. समीक्षक ती ओलांडून कडव्यांकडे वळतो आणि कडवी सामान्य आहेत असा निर्णय देतो. वस्तुतः ती ओळ म्हणजे त्या गीताचा निम्मा भाग होय. ग्राहकास चाल ठाऊक आहे, तिच्यावरचे जुने शब्द त्याला पाठ आहेत, हे गृहीत धरूनच नवे शब्द रचले जात. जुने शब्द कानांत वाजत असताना नवे शब्द तोंडाने म्हणावयाचे, या दुहेरी क्रियेतून जो अर्थ उमटतो तो कागदावर कोठेच छापलेला नसतो.

जॉन ब्राउनच्या गीताची कथा या दृष्टीने पाहावी. गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करू पाहणाऱ्या जॉन ब्राउनला २ डिसेंबर १८५९ रोजी फाशी झाली. १८६१ च्या वसंतात बॉस्टन बंदरातील फोर्ट वॉरेन येथे कवायत करणाऱ्या सैनिकांनी धार्मिक मेळाव्यांतील एका भजनाची चाल उचलून तिच्यावर या हुतात्म्याच्या नावाचे गीत बसविले. त्याच पलटणीत याच नावाचा एक स्कॉटिश सार्जंट होता व त्याची थट्टा करण्याच्या भरात गीत वाढत गेले, असे सांगतात. मूळ भजनातील बंधुभाव, मध्ये शिपायांची थट्टा आणि वर फासावर गेलेल्या माणसाचे नाव, असे हे तीन थर. नोव्हेंबर १८६१ मध्ये ज्युलिया वॉर्ड हाउ या विदुषीने वॉशिंग्टनजवळ सैनिकांच्या तोंडून हे गीत ऐकले. या चालीस अधिक योग्य शब्द द्यावेत, असे सोबतच्या धर्मोपदेशकाने सुचविले, आणि विलर्ड हॉटेलातील खोलीत पहाटेच्या अंधुक प्रकाशात तिने ‘बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक’ लिहून काढले. फेब्रुवारी १८६२ च्या ‘अटलांटिक मंथली’त ते कविता म्हणून छापले गेले.

हाउच्या रचनेत प्रतिभा आहे यात शंका नाही. बायबलमधील न्यायनिवाड्याच्या प्रतिमा तिने सैन्याच्या तळावरील शेकोट्यांशी अशा जोडल्या आहेत की युद्धाला धर्मकृत्याचे गांभीर्य येते. पण तिने ब्राउनचे नाव गाळले, शिपायांची रांगडी पुनरुक्ती गाळली, मातीत पुरलेला देह गाळला. प्रतिष्ठित मासिकाच्या वाचकास रुचेल असे सारे ठेवले, न रुचेल ते वगळले, असा आक्षेप तिच्यावर घेता येईल. तथापि हा आक्षेप शब्दांपुरताच टिकतो. तिने जे पुसले ते चालीने जपून ठेवले. त्या काळी हे स्तोत्र गाणाऱ्या कोणासही त्या स्वरांतून फासावर गेलेला म्हातारा आठवल्यावाचून राहत नसे, आणि हाउच्या भव्य पण काहीशा निराकार प्रतिमांना त्या आठवणीनेच रक्तमांस लाभले. ही कविता चालीवाचून वाचणाऱ्याला तिचा पोकळ डौल खटकतो, तो याचमुळे.

याच चालीवर पुढे अर्कान्सामधील कृष्णवर्णीय सैनिकांच्या पहिल्या पलटणीसाठी गीत रचले गेले. लिंडली मिलर या गोऱ्या कॅप्टनकडे त्याचे कर्तृत्व दिले जाते. कृष्णवर्णीयांच्या पलटणींत भरती करण्यासाठी फिलाडेल्फियात स्थापन झालेल्या समितीने ते पत्रकरूपाने छापले. त्यात कापूस-मक्याच्या मळ्यातील राबणे संपल्याची, मजुरीचा हक्क मिळविल्याची आणि जुन्या मालकांशी हिशेब चुकता करण्याची भाषा आहे. हाउच्या स्तोत्रातील ईश्वरी न्याय येथे मजुरीच्या पैशापर्यंत खाली उतरतो, आणि हे खाली उतरणे काव्यदृष्ट्या लाभाचेच ठरले आहे. ज्यांच्यासाठी ब्राउन मेला त्यांच्या तोंडी ती चाल आली, हे तर आहेच.

चाल कोणाची, या प्रश्नाला दक्षिणेच्या राष्ट्रगीताने जवळजवळ विनोदी उत्तर दिले आहे. ‘डिक्सी’ची रचना ओहायोत जन्मलेल्या डॅनियल डिकेटर एमेट याच्या नावावर आहे. ती प्रथम एप्रिल १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर, तोंडास काळे फासून गुलामांची नक्कल करणाऱ्या ब्रायंट मंडळीच्या खेळात गायिली गेली. म्हणजे दक्षिणेबद्दलची ही ओढ उत्तरेच्या नाटकगृहात, काळ्या मुखवट्याआडून जन्मली. १८ फेब्रुवारी १८६१ रोजी मॉन्टगोमेरी येथे जेफर्सन डेव्हिसच्या अधिकारग्रहणसमारंभात ती वाजविली गेली, आणि त्याच वर्षी अल्बर्ट पाइकने तिच्यावर दक्षिणेचे वीरगीत रचले, तर फॅनी क्रॉसबीने उत्तरेचे. पाइकचे शब्द आवेशपूर्ण आहेत, पण चालीत मूळचा नाचरेपणा इतका मुरलेला आहे की आवेश तिच्यावर बसत नाही. दक्षिणेच्या सैनिकांनी ते बाजूस सारून जुनेच शब्द गायिले यात नवल नाही. लीच्या शरणागतीच्या दुसऱ्या दिवशी, १० एप्रिल १८६५ रोजी, लिंकनने ही चाल आता आपली रीतसर जिंकलेली मालमत्ता आहे असे हसत सांगून वाद्यवृंदाकडून ती वाजवून घेतली. कायद्याच्या पंडिताचा तो विनोद होता. पण गीतपत्रकांच्या जगात चालीवर अशीच मालकी सांगितली जात असे.

जुन्या शब्दांच्या आठवणीचा सर्वांत तीक्ष्ण उपयोग मात्र विडंबनकारांनी केला. जुलै १८६२ मध्ये लिंकनने तीन लाख स्वयंसेवकांची मागणी करताच जेम्स स्लोन गिबन्सची, राष्ट्राध्यक्षाला पिता म्हणून हाक मारून तीन लाखांचा होकार कळविणारी कविता निनावी प्रसिद्ध झाली, आणि अनेक संगीतकारांनी तिला स्वर दिले. मार्च १८६३ च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात ३०० डॉलर भरून सुटका करून घेण्याची सवलत होती. लगेच विडंबन निघाले. त्यात तीन लाख माणसांच्या जागी तीनशे डॉलर आले, आणि ते ज्यांच्यापाशी नाहीत अशा गरिबांचा आवाज आला. एका संख्येच्या बदलाने अख्खे देशभक्तिपर गीत उलटे झाले. मूळ गीत पाठ नसलेल्याला या रचनेत काहीच दिसणार नाही. पाठ असलेल्याला तिचा दंश चुकणार नाही. पण या तक्रारीची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भरतीविरोधी दंगल उसळली तेव्हा गरीब गोऱ्यांच्या रागाचे बळी शहरातील कृष्णवर्णीय ठरले. त्यांच्यापैकी कित्येकांना ठार मारण्यात आले आणि त्यांच्या अनाथ मुलांचे आश्रमगृह जाळण्यात आले.

पत्रकांतील सर्वांत मोठा वर्ग मातेला उद्देशून केलेल्या गीतांचा आहे, आणि तेथे समीक्षकाने दया दाखविण्याचे कारण नाही. मरणोन्मुख सैनिक, आईचे नाव, घराची आठवण, हा साचा १८६३ नंतर इतका झिजला की अशा गीतांची शीर्षके ओवून ‘मदर ऑन द ब्रेन’ नावाचे विनोदी पत्रकच निघाले. सुमारे सहा ते साडेसात लाख सैनिकांचा बळी घेणाऱ्या युद्धात या गीतांची मागणी का वाढली ते सांगावयास नको. पण मागणी हे गुणाचे प्रमाण नव्हे. या वर्गाजवळचे ‘द व्हेकंट चेअर’ मात्र वेगळे आहे. ऑक्टोबर १८६१ मध्ये बॉल्स ब्लफच्या लढाईत पडलेल्या, अठरा वर्षांच्या लेफ्टनंट जॉन विल्यम ग्राउट याच्या घरातील सणाच्या दिवशीची रिकामी खुर्ची हा त्याचा विषय. शब्द हेन्री वॉशबर्नचे, चाल जॉर्ज रूटची. येथे मृत सैनिक बोलत नाही, कोणी त्याच्या वतीनेही बोलत नाही. घरातील एक वस्तू दाखविली जाते आणि कवी बाजूस होतो. गीतात उत्तर-दक्षिण यांचा कैवार जवळजवळ नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या घरांना ते आपले वाटले.

या सर्व पत्रकांत एक आवाज सतत ऐकू येतो आणि तरीही तो खरा नाही, तो म्हणजे कृष्णवर्णीयाचा. हेन्री क्ले वर्क याचे ‘किंग्डम कमिंग’ (१८६२) हे त्याचे सर्वोत्तम, म्हणूनच सर्वांत अवघड उदाहरण. वर्कच्या पित्याने गुलामांच्या पलायनास साहाय्य केल्याबद्दल तुरुंगवास भोगला होता. गीतकाराच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. उत्तरेच्या गनबोटी दिसताच मळ्याचा मालक पळ काढतो आणि मागे राहिलेले गुलाम त्याच्या घराचा ताबा घेतात, हा प्रसंग त्याने अस्सल नाट्यबुद्धीने रंगविला आहे. पण हे सारे त्याला मुखवट्याच्या रंगमंचावरील वाकड्या बोलीतच सांगावे लागले, कारण ग्राहकाला गुलामाची तीच बोली परिचित होती. मुक्तीची बातमी उपहासाच्या वेषात आली. वर्कने त्या वेषाची टवाळी मालकाकडे वळविली हे त्याचे कसब. वेष उतरविणे त्याच्या हाती नव्हते.

उलट, जेथे गुलामांचे स्वतःचे गीत मुद्रकाच्या हाती पडले तेथे निराळीच गत झाली. फोर्ट मनरो येथे आश्रयास आलेल्या पळालेल्या गुलामांकडून लुइस लॉकवुड या धर्मोपदेशकाने मोझेसचे गीत उतरवून घेतले, आणि डिसेंबर १८६१ मध्ये न्यूयॉर्कला ते स्वरलिपीसह प्रसिद्ध झाले. पण दिवाणखान्यातील पियानोस मानवेल अशी त्याची चाल घोटून गुळगुळीत करण्यात आली होती. कळपाने गायिलेल्या गीतातील दबलेला जोर त्या प्रतीत शोधूनही सापडत नाही. १८६७ साली ‘स्लेव्ह साँग्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हा संग्रह निघाला तेव्हाही त्याच्या संपादकांना कबूल करावे लागले की त्या गायनातील किती तरी गोष्टी कागदावर उतरत नाहीत.

पत्रकावर शब्द छापता येतात, चालीचे नाव छापता येते. गाणारा छापता येत नाही. कृष्णवर्णीयांच्या पहिल्या साउथ कॅरोलायना पलटणीचा कर्नल टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन याने नोंदलेला एक प्रसंग या संदर्भात महत्त्वाचा आहे. १ जानेवारी १८६३ रोजी, मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला त्या दिवशी, त्याच्या छावणीत समारंभ झाला. पलटणीस निशाण दिले गेले आणि हिगिन्सन ते हाती घेऊन बोलण्याच्या बेतात असताना व्यासपीठाजवळून एका वृद्ध कृष्णवर्णीयाचा चिरका आवाज उठला. त्याला दोन स्त्रियांचे आवाज मिळाले. ते गात होते १८३१ साली सॅम्युएल फ्रान्सिस स्मिथने रचलेले, शाळांतून घोकले जाणारे आणि इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवर बेतलेले देशगीत. शब्द जुने होते, चाल त्याहून जुनी होती. व्यासपीठावरील गोऱ्या पाहुण्यांपैकी काहींनी त्यात सूर मिसळावयास आरंभ केला, तेव्हा हिगिन्सनने हात वर करून त्यांना गप्प केले.