विपुल लेखन आणि वाङ्मयीन मोल

विपुल लिहिणारा लेखक उथळच असावयाचा, हा ग्रह आमच्या समीक्षेत दृढ आहे. बाबूराव अर्नाळकरांची उपेक्षा त्यातूनच झाली. शंभरावर पुस्तके लिहिणारे अमेरिकन रहस्यकथाकार डॉनल्ड वेस्टलेक (१९३३–२००८) यांची कारकीर्द या ग्रहास छेद देते, असे आम्हांस वाटते.

‘रिचर्ड स्टार्क’ या टोपणनावाने त्यांनी १९६२ साली निर्मिलेला पार्कर दरोड्यास केवळ धंदा मानतो. त्याच्यासाठी योजिलेल्या एका कथेत तेच रत्न पुनःपुन्हा चोरावे लागू लागले. गांभीर्य टिकेना, तेव्हा वेस्टलेकनी नायकच बदलला. १९७० च्या ‘द हॉट रॉक’मधून दुर्दैवी डॉर्टमंडर जन्मास आला. ‘द ग्रिफ्टर्स’ (१९९०) ही त्यांची पटकथा ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचली.

‘द ॲक्स’मध्ये (१९९७) तर कागदधंद्यातील नोकरी गमावलेला एक अधिकारी, नवी जागा मिळावी म्हणून आपल्या तोडीच्या उमेदवारांनाच ठार मारत सुटतो. येथे गुन्हा हे कोडे उरत नाही, तो पोटाचा प्रश्न होतो. आणि वाचक त्या खुन्याच्या यशाची इच्छा धरू लागतो, ही खरी भेदक गोष्ट होय.

सर्व पुस्तके एका तोलाची नाहीत, हे खरे. परंतु पुस्तके मोजण्यापूर्वी ती वाचावीत, एवढाच आमचा आग्रह आहे.