कार्डावरचे मूल, मांडीवरचे मूल

विकासात मागे पडणाऱ्या बालकांसाठी अमेरिकेतील पोर्टेज या गावी १९६९ साली एक पद्धत सुरू झाली. कार्यकर्ती दर आठवड्याला घरी येऊन आईवडिलांनाच शिकवते, हा तिचा मोठा गुण. पण कार्डांवरील कौशल्यांच्या यादीने आई परीक्षक बनण्याचा धोका असतो. शिवाय नांदेडमधील मुखेड-कंधार किंवा लातूरमधील जळकोट-अहमदपूरची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास फडावर जातात. तेथे आठवड्याची भेट कोण देणार?

अशा बाळाचा प्रतिसाद उशिरा आणि क्षीण येतो. म्हणून घरचे त्याच्याशी बोलणेच कमी करतात. खरी गरज येथे आहे. बाळाने हुंकार दिला की तोच परत द्यावा आणि उत्तराची वाट पाहावी. शिक्षकांनी पालकसभेत एवढे जरी करून दाखवले, तरी ही सवय आईबरोबर फडावरही जाईल.