आपत्ती, अनुताप आणि धरणे : तुकोबांच्या आत्मपर अभंगांविषयी

इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने तुकोबांचा संसार मोडला आणि त्या मोडण्यातून संत घडला, हे समीकरण इतके रूढ झाले आहे की, ते मूळ अभंगांशी ताडून पाहण्याची गरज क्वचितच कोणास वाटते. सोनाराने सोने मुशीत घालावे तसे देवाने भक्तास तापवून शुद्ध केले, ही कल्पना चरित्रकारास सोयीची आहे. आत्मपर अभंगांत मात्र आपत्तीचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर एकसारखे मिळत नाही.

जाती व व्यवसाय सांगून आरंभ होणाऱ्या सुप्रसिद्ध अभंगात दुष्काळाने द्रव्य व मान नेल्याचे आणि एक स्त्री अन्नावाचून मेल्याचे निवेदन आहे. तेथे देवाचा हात कोठेही दाखविलेला नाही. कवीला वाटते ती केवळ लाज आणि दुःख. दिवाळे निघाले ते बरे झाले, असे देवालाच सांगणाऱ्या दुसऱ्या अभंगात पीडा करणारा दुष्काळ आहे, देव नव्हे. द्रव्य, गुरेढोरे, अपमान, कर्कशा पत्नी अशी बऱ्याची यादी तेथे वाढत जाते; पण अन्नान्न करीत मेलेली स्त्री त्या यादीत नाही. हे मौन अर्थपूर्ण मानावयास हवे. पित्याच्या, पत्नीच्या, मुलाच्या व मातेच्या मृत्यूंचा उल्लेख करणाऱ्या तिसऱ्या अभंगात मात्र माया तोडणारा देवच आहे, आणि शुद्धीकरणाच्या कल्पनेला खरा आधार असेल तर तो येथेच. गाथेतील क्रम कालानुक्रम नसल्यामुळे या तिन्हींतून मनाच्या विकासाच्या पायऱ्या रचणे धाडसाचे ठरेल. बायबलातील ईयोबाशी केली जाणारी तुलनाही जपूनच केली पाहिजे : ईयोबाच्या वाचकास स्वर्गातील पैज आधीच ठाऊक असते, तुकोबांच्या वाचकास तसे काहीच सांगितलेले नाही.

देवाची आज्ञा पाळणे म्हणजे काय, याचे उत्तर पहिल्या अभंगाच्या पुढील भागात सापडते. हा भाग अधिक बारकाईने वाचण्याजोगा आहे. व्यापार बुडाल्यावर या माणसाने प्रथम केले काय? देवाचे देऊळ भंगले होते, ते करावेसे त्याच्या चित्तास वाटले. मग एकादशीचे कीर्तन. परंतु आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, अशी कबुली लगेच येते. मग संतांची वचने पाठ करणे, पुढे गाणाराचे ध्रुपद मागे धरणे, शरीर कष्टवून जमेल तो उपकार करणे. अंतःकरण निवल्यानंतर आचरण आले असे नव्हे. आचरण आधी, मन मागाहून. हे आज्ञापालन बहुमताला न मानता, सत्यासत्याला मन ग्वाही ठेवून झाले आहे. म्हणजे देवाचे ऐकणे हे आप्तांचे न ऐकणेही ठरले. एवढेच नव्हे, तर हे सारे बोलू नये, संतांनी विचारले म्हणूनच वचन पाळले, असे कवी म्हणतो. आत्मचरित्र हेही येथे एक आज्ञापालनच आहे.

आणि तरीही पुढे कवित्वावर निषेधाचा आघात झाला, तेव्हा ते बरे झाले असे तुकोबा म्हणत नाहीत. वह्या बुडविल्या, ही आज्ञा पाळली. पण त्यानंतर ते धरणे धरून बसले. धरणे हा शब्द भक्तीच्या परिभाषेतील नाही. धनकोने ऋणकोच्या दारी अन्नपाणी वर्ज्य करून बसावे, असा तो व्यवहारातील प्रघात. ज्याचे दिवाळे वाजले तोच वाणी देवाच्या दारी येणे मागावयास बसला आहे. टीकाकार ही शरणागतीची परिसीमा मानतात, ते अर्धेच खरे. धन गेले त्याचा हिशेब तुकोबांनी मागितला नाही. शब्द गेले, त्याचा मागितला. शुद्धीकरणाच्या सिद्धान्तात या दोन हानींत भेद करण्यास जागा नाही, तुकोबांनी तो केला आहे. आणि नारायणाने समाधान केले असे ते सांगतात, ते या दुसऱ्या हानीविषयीच.