‘तापवला असता’ आणि ‘तापवला असता, तर’

धातूचा गोळा आणि कडे यांचा प्रयोग बहुतेक शाळांमध्ये होतो. त्याचा निष्कर्ष आपण असा लिहून देतो : ‘गोळा तापवला असता कड्यातून जात नाही.’ याच्या शेजारी दुसरे वाक्य ठेवून पाहा : ‘गोळा तापवला असता, तर तो कड्यातून गेला नसता.’

पहिले वाक्य नियम सांगते. जेव्हा जेव्हा गोळा तापवू, तेव्हा तेव्हा असे घडेल. दुसऱ्या वाक्यात गोळा तापवलेलाच नाही. ‘असता’ हा शब्द दोन्हीकडे आहे. पण एकीकडे तो अनुभव सांगतो, तर दुसरीकडे न घडलेली गोष्ट. विज्ञानाच्या तासाला पहिला ‘असता’ येतो, व्याकरणाच्या तासाला दुसरा. दोन्ही तासांना बसणारी मुले मात्र तीच असतात.

शालेय व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘एक गोष्ट घडली असती, तर दुसरी घडली असती’ असा संकेत, म्हणजे अट, निघाली की तो संकेतार्थ, अशी त्याची ओळख करून दिली जाते. माझा आक्षेप या ‘अट’ शब्दाला आहे. ‘गोळा तापवला, तर तो कड्यातून जाणार नाही’ यात अट आहे, पण क्रियापद संकेतार्थी नाही. उलट ‘मी आलो असतो, पण गाडी चुकली’ यात जर-तर काहीच नाही, तरी रूप संकेतार्थी आहे. अट सांगण्याचे काम ‘जर-तर’ करतात. क्रियापदाचे रूप सांगते ते एवढेच, की बोलणारा ही गोष्ट वस्तुस्थितीच्या विरुद्ध मानतो. व्याख्येत नेमके हेच मागे पडते.

दोन ‘असतां’मधला फरक विद्यार्थ्यांना स्वतः शोधता येईल. गोळ्याऐवजी पट्टी घ्या. ‘पट्टी तापवली असता लांबते’. ‘पट्टी तापवली असती, तर लांबली असती.’ पहिला ‘असता’ लिंगाप्रमाणे बदलत नाही, दुसरा बदलतो. पण केवळ रूपावर विसंबूनही चालत नाही. ‘बर्फ पाण्यापेक्षा हलके असते’ हे सत्य आहे, आणि ‘बर्फ पाण्यापेक्षा जड असते, तर ते तळाशी गेले असते’ यातले पहिले ‘असते’ संकेतार्थी आहे. रूप तेच! म्हणून अर्थ विचारल्याशिवाय नुसते ‘अर्थ ओळखा’ हा प्रश्न अपुरा ठरतो.

इतर भाषा हेच काम कसे करतात, तेही पाहण्यासारखे आहे. हंगेरियन भाषेत धातूला ‘न’ने सुरू होणारा प्रत्यय लागतो. ‘वारनेक’ म्हणजे, आता शक्य असते तर मी थांबलो असतो. कालची गोष्ट असेल तर ‘वारताम वोल्ना’. यातला ‘वोल्ना’ पुरुष-वचनाप्रमाणे बदलत नाही. मराठीत आजच्या आणि कालच्या दोन्ही गोष्टींसाठी ‘थांबलो असतो’ हेच रूप चालते. काळ संदर्भावरून कळतो. त्याबदली ‘थांबले असते’ म्हटले की बोलणारी स्त्री आहे हेही कळते. हंगेरियनमध्ये व्याकरणिक लिंगच नाही. प्रत्येक भाषा काही भेद रूपात बांधते आणि काही ऐकणाऱ्यावर सोपवते.

विज्ञानाच्या शिक्षकाने यात का पडावे? कारण कार्यकारणभाव तपासण्याचे एक साधन म्हणजे हेच वाक्य. ‘पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला नसता, तर आजच्यासारखे ऋतू झाले नसते.’ असे म्हणताना आपण एकच गोष्ट बदलतो, बाकी सारे तसेच ठेवतो आणि परिणाम काढतो. इतिहासातही हेच होते. ‘१९७० साली सिडको स्थापन झाली नसती, तर बोनकोडे आजही खेडेच राहिले असते’ हे विधान नवी मुंबईतला विद्यार्थी सहज करील. आसाबद्दलचे विधान गणिताने तपासता येते. बोनकोड्याबद्दलचे तसे येत नाही. तिथे पुरावे आणि इतर शक्यता मांडून वाद घालावा लागतो. व्याकरण दोन्हींना एकच नाव देते, आणि ते योग्यच आहे. त्यांतला फरक दाखवणे हे शिक्षकाचे काम.

संकेतार्थाच्या धड्याखाली म्हणूनच तीन प्रश्न असावेत : प्रत्यक्षात काय घडले? वाक्यात कोणती एक गोष्ट बदलली? आणि परिणाम तसाच झाला असता, हे कशावरून?