आंबणं आणि मुरणं

पुण्यातल्या एका टॅपरूममध्ये मी पहिल्यांदा सावर बिअर मागितली तेव्हा वेटर घुटमळला. "मॅडम, ती आंबट असते हं. नंतर बदलून नाही मिळणार." फळ्यावर खडूने 'मँगो सावर' असं लिहिलं होतं. आली ती पिवळीधमक, गढूळ. लागली आमरसात लिंबू पिळून वर सोडा ओतल्यासारखी. वाईट नव्हती. ॲपवर मी तिला पाचपैकी चार तारे देऊन टाकले. त्यानंतर बऱ्याच सावर प्यायले, काही तर थेट त्यांच्या माहेरी जाऊन, आणि आता ते चार तारे मला टोचतात. बिअर टाकाऊ होती असं आजही माझं म्हणणं नाही. पण मी गुण नेमके कशाला दिले होते? आंब्याला की आंबण्याला?

सगळा घोळ 'सावर' या शब्दाने केलाय. इंग्रजीत तो फक्त चव सांगतो. आपल्याकडे चव आणि ती जिच्यातून येते ती क्रिया एकाच शब्दाच्या पोटात आहेत: आंबट आणि आंबणं. इडलीचं पीठ आंबतं, ज्वारीची आंबील आंबते. दूध मात्र नासतं. आंबणं आणि नासणं यांतला फरक आजी कधी समजावून सांगत नाही. झाकण काढून वास घेते आणि निकाल देते. याखेरीज आपल्याकडे आणखी एक क्रियापद आहे, मुरणं. कैरीच्या लोणच्यात पहिल्या आठवड्यात कैरी वेगळी लागते, मीठ वेगळं, मोहरी वेगळी. वर्षभराने त्यांना एकमेकांपासून सोडवता येत नाही. टॅपरूमच्या फळ्यावर 'सावर' या एकाच नावाखाली आंबलेली बिअर, मुरलेली बिअर आणि नुसती आंबट फळ घातलेली बिअर अशा तिन्ही गोष्टी विकल्या जातात, आणि आपण तिन्हींना तेच पाच तारे लावतो. माझी तक्रार आहे ती इथे.

टॅपरूममध्ये ताजी मिळणारी सावर बहुधा केटल सावर पद्धतीची असते. ही पद्धत आपल्या घरातली आहे, फक्त भांडं मोठं. माल्ट गरम पाण्यात भिजवून काढलेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, आधी उकळून थोडं थंड करायचं. पस्तीस ते पंचेचाळीस अंशांच्या आसपास आलं की त्यात लॅक्टोबॅसिलस सोडायचे. सरळ सांगायचं तर विरजण लावायचं. घरी बिअर करणारे काही जण खरोखर चमचाभर दहीच घालतात. मग एकदोन दिवस भांडं उबदार ठेवायचं, थंडीत आजी दह्याचं पातेलं जुन्या शालीत गुंडाळून ठेवते तसं. हवा तितका आंबटपणा आला की सगळं पुन्हा उकळायचं. जिवाणू मेले, आंबटपणा जागच्या जागी थांबला. पुढे नेहमीचं यीस्ट घालून नेहमीसारखी बिअर.

इंजिनिअर म्हणून मला ही पद्धत फार आवडते. प्रत्येक पायरी मोजता येते, पुन्हा तशीच करता येते, आणि उकळल्यामुळे जिवाणू बाकीच्या टाक्यांमध्ये घुसत नाहीत. मोजक्या टाक्यांवर आणि शहरातल्या भाड्यावर चालणाऱ्या छोट्या ब्रुअरीला याहून शहाणी वाट नाही. हातून होतं ते ताजं दही. ताज्या दह्यात कमीपणा कसला?

अडचण पुढे सुरू होते. ताज्या दह्यासारखी ही आंबट बिअर चवीला स्वच्छ पण एकसुरी असते. एक ठणठणीत आंबट सूर लागतो आणि थांबतो. मग तो भरून काढायला फळांचा गर येतो. आंबा, पेरू, पॅशनफ्रूट, कधी वर व्हॅनिला. फळाचा मारा जितका जास्त तितके ॲपवर तारे जास्त, आणि तारे बघून ब्रुअर पुढच्या खेपेला गर आणखी वाढवतो. रिकमंडेशन अल्गोरिदम लिहिणाऱ्यांना हा भोवरा ओळखीचा वाटेल. त्यात मीही चार तारे टाकून आलेय.

मुरण्याची गोष्ट मला कळली ती ब्रसेल्समध्ये. ऑफिसच्या कामाने तिथे काही आठवडे होते. एका शनिवारी मिडी स्टेशनवरून चालत आंदरलेख्तमध्ये काँतियों ब्रुअरी गाठली. १९०० साली सुरू झालेली, अजून त्याच कुटुंबाकडे असलेली. बाहेरून बघाल तर गाड्या दुरुस्त करण्याचं गॅरेज वाटावं. १९७८ पासून तिचं संग्रहालयही आहे. आपलं आपण फिरायचं, शेवटी ग्लास मिळतो. लाकडी जिना चढून वर गेलं की थेट कौलांखाली तांब्याचं एक भलंमोठं उथळ भांडं आहे, परातीसारखं. हिवाळ्यातल्या रात्री उकळतं वर्ट त्यात ओततात आणि सोडून देतात. झडपा उघड्या. विरजण नाही, पाकिटातलं यीस्ट नाही. रात्रीच्या हवेत, लाकडात, छतात जे काही असेल ते येऊन बसतं. उन्हाळ्यात हवेत नको ते फार असतं, म्हणून ही बिअर साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच करतात. कोपऱ्यात जाळी लोंबत होती. ती मुद्दाम झाडत नाहीत, कारण फळमाश्यांचा बंदोबस्त कोळी करतात. आमच्या आईला हा फोटो पाठवला तर तिचं उत्तर एका शब्दात आलं: "शी!"

दुसऱ्या दिवशी हे वर्ट लाकडी पिंपांत जातं आणि तिथे पाळ्या लागतात. आधी हवेतले किरकोळ जिवाणू, मग काही महिने नेहमीच्या जातीचं यीस्ट. पुढच्या उन्हाळ्यात पेडिओकॉकस नावाचे जिवाणू जोर धरतात, बिअर आंबट होते आणि तार धरते, बिघडलेल्या भातासारखी. ब्रुअर तिला तेव्हा 'आजारी' म्हणतात. या क्षणी कुणी झाकण उघडलं असतं तर निकाल सरळ होता: नासली, ओता. पण तिला हात लावत नाहीत. यानंतर ब्रेटानोमायसिस हे सावकाश काम करणारं यीस्ट ती तार खाऊन टाकतं, उरलीसुरली साखर संपवतं आणि आपला वास मागे ठेवतं. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये त्याचं वर्णन केलं. नावाचा अर्थ ब्रिटिश बुरशी, कारण ते मुरवलेल्या इंग्रजी बिअरमध्ये सापडलं होतं. बहुतेक वाइनवाले या यीस्टला घाबरतात. एकाच जिवाने वाइन नासते आणि बिअर मुरते.

अशी ही लँबिक. एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेली लँबिक मिसळून बाटलीत पुन्हा फसफसू देतात, ती ग्यूझ. आंबट चेरी घातल्या की क्रीक. काँतियोंमध्ये मला आधी जगमधून कोवळी लँबिक दिली: फेस नाही, बुडबुडे नाहीत, कोमट आणि गोंधळलेली. मग ग्यूझ. परदेशी समीक्षक तिच्या वासासाठी घोड्याच्या पाठीवरची घोंगडी, ग्रेपफ्रूट, गवत असे शब्द वापरतात आणि मीही आधी तेच घोकून गेले होते. मी काही घोड्याजवळ वाढले नाही. मला आला तो पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास, त्यामागे कडबा, मग पपनसाच्या फोडीवरची कडवट पांढरी साल, आणि शेवटी जिभेच्या कडांना रायआवळा. प्रत्येक घोटाला क्रम थोडा बदलत होता.

पीएच मोजला तर चांगली केटल सावर आणि ही ग्यूझ शेजारी शेजारी बसू शकतात, दोन्ही साडेतीनच्या खाली. आकड्यात फरक दिसत नाही. ग्यूझमध्ये लॅक्टिक ॲसिडसोबत थोडं व्हिनेगरचं ॲसिडही असतं, आणि ब्रेटानोमायसिसने घडवलेली सुगंधी संयुगं असतात. ती दोन दिवसांत घडत नाहीत.

या वेळेची किंमत लोणच्याच्या बरणीइतकी सोपी नाही. काही पिंपं व्हिनेगर होतात आणि ती वाहून जातात. २००९ मध्ये बेअर्सेल गावच्या द्री फॉन्टाइनेन या नावाजलेल्या ब्रुअरीत थर्मोस्टॅट बिघडला, गोदाम तापलं, हजारो बाटल्या फुटल्या किंवा शिजून वाया गेल्या. वर्षानुवर्षांचं काम एका सेन्सरपायी. म्हणूनच तिथले लोक नावाबाबत कडक आहेत. 'आउड ग्यूझ' आणि 'आउड क्रीक' या नावांना युरोपीय संघाने १९९७ पासून संरक्षण दिलंय. आउड म्हणजे जुनी. साखर घालून गोड केलेली चेरीची बिअरही बेल्जियममध्ये ढिगाने मिळते, पर्यटक आवडीने पितात, पण तिच्या लेबलवर तो शब्द लिहिता येत नाही. ग्राहकाला निदान तेवढं तरी कळतं.

आपल्याकडे असं काहीच कळत नाही. तीन वर्षांची पिंपं ठेवा अशी माझी मागणी अजिबात नाही. पुण्याच्या मे महिन्यात उघड्या परातीत वर्ट ठेवलं तर काय होईल त्याची कल्पनाही नको. शिवाय लँबिकची आंधळी भक्तीही तितकीच कंटाळवाणी असते. बाटल्या दडवून ठेवणारे, लेबलांचे फोटो मिरवणारे भक्त मला ब्रसेल्समध्येच भेटले. मला फक्त फळ्यावर अर्धी ओळ हवी आहे: आंबटपणा जिवाणूंचा, फळाचा की बाटलीतून ओतलेल्या ॲसिडचा?

ताजेपणा लपवायचा नाही असं ठरवलं की काय होतं, याचं चांगलं उदाहरण पुण्यातच आहे: ग्रेट स्टेट एलवर्क्सची सॉल्टेड कोकम एल. जर्मनीत लाइपझिगच्या बाजूला गोझ नावाची गव्हाची आंबट बिअर आहे, मीठ आणि धणे घातलेली. १९६६ मध्ये ती बंद पडली आणि १९८० च्या दशकात पुन्हा उभी राहिली. कोकमाच्या बिअरला तिची बहीण म्हणावं की नाही या वादात मी पडत नाही. पण मीठ आणि आंबट यांची जोडी कशी वागते हे जिला सोलकढीने शिकवलंय तिला ही बिअर परकी वाटत नाही. कोकम इथे काही झाकायला आलेलं नाही. मीठ आंबटपणाच्या कडा घासून देतं आणि घोट कोरडा संपतो. मुरलेली नाही, तसा दावाही नाही. तळलेल्या बोंबलाबरोबर प्यावी. ग्यूझ बोंबलाबरोबर मला सोसणार नाही.

ब्रसेल्सला गेलात तर काँतियोंनंतर फॉन्तेना चौकातल्या मूडर लँबिकमध्ये बसा. तिथले लोक विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात, आणि पिणाऱ्याला हेच सगळ्यात जास्त उपयोगी. आ ला मॉर सुबित हा जुना कॅफे आरशांसाठी आणि नावासाठी बघावा. नावाचा अर्थ 'अकस्मात मृत्यू', पण तो फाशांच्या खेळातला आहे, घाबरू नका. इथे पुण्यात मी एकच कसोटी लावते. फळाच्या सावरआधी, असेल तर, फळाविना असलेली सावर मागते. ती उभी राहिली तर त्या ब्रुअरचं फळही प्यावं.

मागच्या महिन्यात त्याच पहिल्या टॅपरूममध्ये पुन्हा गेले. फळ्यावर या वेळी पेरू सावर होती. तोच वेटर होता की नाही आठवत नाही, पण "मॅडम, आंबट असते हं" हे तसंच होतं. मी म्हटलं, "चालेल. पण दादा, आंबवली किती दिवस, तेवढं विचारून सांगाल?"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, आत गेला, आणि बऱ्याच वेळाने परत आला. "दीड दिवस म्हणाले. आणि म्हणाले, कोण विचारतंय?"